सुवर्णनाण्यांतून राजवंश उलगडणारे मिराशी

गुप्तधनात मिळालेल्या सुवर्णनाण्यांचे भवितव्य बहुधा सोनाराच्या मुशीतच ठरते. सोने उरते, इतिहास मात्र वितळून जातो. १९३९ मध्ये तत्कालीन बस्तर संस्थानातील एडेंगा येथे सापडलेली ३२ सुवर्णनाणी सुदैवाने या संकटातून वाचली आणि नागपूरचे संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांच्या अभ्यासाचा विषय ठरली.

मिराशी यांचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी कोकणात, देवगड तालुक्यातील कुवळे येथे झाला. १९१९ मध्ये संस्कृतचे प्राध्यापक म्हणून ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात आले आणि विदर्भाचेच झाले. काव्यनाटकांच्या अध्यापनाबरोबर त्यांनी ताम्रपट, शिलालेख आणि नाण्यांचा ध्यास घेतला.

एडेंगाची नाणी पातळ पत्र्याची, एकाच बाजूने ठसा उमटवलेली. त्यांवर बसलेला वशिंडाचा बैल आणि खाली पेटिकाशीर्षक लिपीतील अक्षरे होती. मिराशी यांनी त्यांवर वराहराज, भवदत्त आणि अर्थपती ही नलवंशीय राजांची नावे वाचली. भवदत्ताचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे पूर्वीच मिळाला होता आणि तो वाकाटकांच्या नंदिवर्धन या राजधानीतून दिलेला होता. ताम्रपट आणि नाणी यांची सांगड बसताच वाकाटकांच्या राज्यावर नलांनी केलेल्या आक्रमणाला भक्कम आधार मिळाला.

वाकाटकांच्या इतिहासातील एक दुवा त्यांना वर्धा जिल्ह्यात दिसला. द्वितीय प्रवरसेनाने वसविलेले प्रवरपूर म्हणजे धाम नदीकाठचे पवनार, असे मत त्यांनी मांडले. विनोबांच्या आश्रमाच्या परिसरात मिळालेल्या शिल्पांत त्यांनी रामकथेतील प्रसंग ओळखले. रामटेकजवळील मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी प्रवरपूर तेथे असल्याचे मानले. त्यामुळे हा वाद आजही मिटलेला नाही. मात्र पवनारला विदर्भाच्या प्राचीन इतिहासात मानाचे स्थान मिळाले, ते मिराशींमुळेच.

वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादित केलेला बृहद्ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. ३ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. नाण्याचे मोल त्याच्या वजनात नसून त्यावरील अक्षरांत असते, हे त्यांनी आयुष्यभराच्या कामातून दाखवून दिले.