सीमारेषांच्या खालचा नकाशा वाचणारे सुब्बाराव

वडोदऱ्याच्या सुभानपुऱ्यात आज सोसायट्या, दुकानं आणि रहदारी दिसते. तिथून थोडं दक्षिणेला गेलं की विश्वामित्री नदीकाठी अकोटा लागतं. तिथेही आता घरंच घरं. पण इसवी सन ८१२ च्या सुमारास राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्काने दिलेल्या ताम्रपटात अंकोट्टक, म्हणजेच अकोटा, हे ८४ गावांचं मुख्य ठिकाण आहे, आणि वडोदरा त्यातलं एक दान दिलेलं गाव! हा उलटा इतिहास मातीतून वाचून दाखवला तो डॉ. बेंदापुडी सुब्बाराव यांनी.

नाव तेलुगू वळणाचं, पण माणूस तयार झाला पुण्यात. डेक्कन कॉलेजात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या हाताखाली त्यांनी बेल्लारी भागातल्या अश्मयुगावर संशोधन केलं. संगनकल्लूच्या टेकडीवर खोदकाम केलं. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि तिथल्या पुरातत्त्व विभागाची धुरा त्यांच्याकडे आली.

शहर पसरत चाललं होतं. अशा वेळी अख्खं रान खणत बसणं कुणालाच परवडत नाही. मग मोक्याच्या जागी चाचणी चर घ्यायचा, मातीचे थर एकेक करून उतरवायचे आणि कुठलं खापर कुठल्या थरात मिळालं ते टिपून ठेवायचं. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना, एवढा साधा हिशेब. पण एकदा पायासाठी सगळी माती उपसली की हा हिशेब कायमचा बुडतो. वस्तू हाती लागते, तिचा काळ मात्र हातचा जातो.

वडोदरा आणि अकोट्यातल्या या कामाचा अहवाल १९५३ मध्ये आला. रोमन जगाशी व्यापार असलेलं गाव इथे नांदत होतं, हे अकोट्याच्या मातीने दाखवलं. तिथेच मिळालेल्या ६८ जैन ब्राँझमूर्ती तर जगभर गाजल्या.

सुब्बाराव वडोदऱ्यापुरते राहिले नाहीत. १९५२-५३ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांच्यासोबत ते नर्मदाकाठी महेश्वर-नावडातोलीला खोदत होते. १९५६ मध्ये त्यांचं ‘द पर्सनॅलिटी ऑफ इंडिया’ हे पुस्तक आलं. नद्या, सुपीक खोरी आणि डोंगर यांनी भारताचे सांस्कृतिक प्रदेश कसे घडवले, याची त्यात मांडणी आहे. योगायोग बघा, त्याच वर्षी राज्य पुनर्रचनेचा कायदा झाला आणि आपल्या सीमाभागाचं दुखणं सुरू झालं. कागदावर नव्या रेषा ओढल्या जात होत्या, तेव्हा हा माणूस जमिनीखालचा हजारो वर्षांचा नकाशा मांडत होता.

१९६२ मध्ये, चाळिशीच्या आसपास, ते अकाली गेले. विभाग मात्र थांबला नाही. मेश्वो नदीवरच्या धरणाखाली जाणाऱ्या देवनी मोरीचा बौद्ध स्तूप र. ना. मेहता यांच्या नेतृत्वाखाली पाणी चढण्याआधी खोदून नोंदवला गेला.

ब्रिटनमध्ये १९९० पासून बांधकामाच्या परवानगीआधी जमिनीखाली काय आहे याचा विचार करावा लागतो. आपल्याकडे संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आहे, पण साधं शेत बिनशेती करताना चाचणी चराची सक्ती नाही. तेव्हा बेळगाव असो, कोल्हापूर असो की वडोदरा, जेसीबी लावताना खापरं दिसली तर घटकाभर थांबा आणि जवळच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. सुब्बारावांची आठवण ठेवायची ती अशी.