लघवीत लाखभर जंतू, पण त्रास काहीच नाही! हा आकडा देणारे डॉ. एडवर्ड कास

पिपरी मेघेतल्या एखाद्या मधुमेही काकूंच्या हातात लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट येतो. ताप नाही, जळजळ नाही, पण जंतूंच्या नावापुढे लाखाचा आकडा. घरात लगेच अँटिबायोटिकची चर्चा. हा लाखाचा निकष वर्ध्यापासून फार दूर, बोस्टनमध्ये ठरला. ठरवणारे होते डॉ. एडवर्ड कास.

1917 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले कास 1950 च्या दशकात बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये काम करत होते. तेव्हा लघवीचा शुद्ध नमुना हवा म्हणून बायकांना सर्रास नळी घालत. गंमत म्हणजे ही नळीच जंतू आत नेई. साध्या पद्धतीने नमुना घ्यावा, तर त्यात त्वचेवरचे जंतू मिसळत. मग खरे कोणते, उपरे कोणते?

कास यांनी जंतू मोजले. एका मिलीलिटरमध्ये 1,00,000 किंवा जास्त असतील तर ते बहुधा मूत्रमार्गात वाढलेले, फार कमी असतील तर बाहेरून मिसळलेले. 1956 मध्ये हे प्रसिद्ध झालं. निव्वळ नमुन्यासाठी नळी घालायचं कारण उरलं नाही.

मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली. काहीच त्रास नसलेल्यांच्या लघवीतही लाखावर जंतू निघत. गरोदर बायकांमध्ये हे धोक्याचं ठरलं: औषध न दिल्यास पुढे अनेकींच्या मूत्रपिंडाला संसर्ग होई, दिल्यास बहुतेक वेळा टळे. गरोदरपणात ही तपासणी आजही होते, ती त्यामुळेच.

मधुमेही बायकांमध्ये असे मुके जंतू जास्त आढळतात. त्यामुळे त्यांनाही हाच न्याय लावणं पटण्यासारखं होतं. कास 1990 मध्ये वारले. 2002 मध्ये कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणं नसलेल्या 105 मधुमेही स्त्रिया होत्या. अँटिबायोटिक घेणाऱ्यांनाही पुढे त्रासदायक संसर्ग जवळपास तितकेच झाले. जंतू जात आणि परत येत, गोळ्या मात्र भरपूर पोटात गेल्या.

अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी कास एक होते. त्याच संघटनेने 2005 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये सांगितलं की लक्षणं नसतील तर मधुमेहींची यासाठी तपासणी नको आणि गोळ्याही नकोत. मूत्रमार्गातून शस्त्रक्रिया होणार असेल तर गोष्ट वेगळी. थंडी-ताप, लघवीला जळजळ किंवा कुशीत दुखणं सुरू झालं, तर मात्र काकूंनी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.