मेजावरचे आरमार

लहानपणीचे खेळ वय वाढले की सुटतात. शाळा संपते, संसाराचे व्याप मागे लागतात आणि लाकडाची जहाजे माळ्यावर जाऊन पडतात. परंतु फ्रेड जेन या इंग्रज गृहस्थाने आपला खेळ जन्मभर सोडला नाही. त्या खेळातूनच पुढे एक असा ग्रंथ निर्माण झाला, की ज्याचे नाव देशोदेशींच्या आरमारी अधिकाऱ्यांना ठाऊक असते.

जॉन फ्रेडरिक टॉमस जेन याचा जन्म ६ ऑगस्ट १८६५ रोजी इंग्लंडमधील रिचमंड या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. त्याचे शिक्षण डेव्हन परगण्यातील एक्सेटर येथील शाळेत झाले. अभ्यासापेक्षा जहाजांत त्याचे मन अधिक रमे. जहाजांच्या लहान लहान प्रतिकृती कराव्यात आणि त्यांच्या लढाया लावाव्यात, हा त्याचा आवडता उद्योग होता. १८८२ साली ब्रिटिश आरमाराने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरावर तोफा डागल्या. त्या वेळी जेन सोळा वर्षांचा होता. लोखंडी चिलखताच्या त्या प्रचंड जहाजांनी त्याला वेड लावले आणि तो त्यांची चित्रे काढून जमवू लागला.

आरमारात अधिकारी होण्याचा योग त्याला आला नाही. तो लंडनला गेला आणि चित्रे काढून पोट भरू लागला. भविष्यकाळात होणाऱ्या कल्पित युद्धांच्या कादंबऱ्यांना त्याने चित्रे पुरवली आणि स्वतःही तशा कादंबऱ्या लिहिल्या. या काळात त्याने आरमारी युद्धाच्या एका खेळाची रचना केली. तो १८९८ साली प्रसिद्ध झाला.

हा खेळ मोठ्या मेजावर खेळत. प्रत्येक खेळाडू एका आरमाराचा सेनापती होई. त्याच्या जहाजांच्या चिमुकल्या प्रतिकृती समुद्र म्हणून मांडलेल्या पटावर पुढे सरकत. खरे जहाज जेवढे वेगवान, तेवढीच प्रतिकृतीची चाल. तोफ डागण्याची तऱ्हा तर फारच मजेची होती. शत्रूच्या जहाजाचे चित्र एका कागदावर छापलेले असे. जहाज जवळ असेल तर चित्र मोठे, दूर असेल तर लहान. खेळाडूच्या हाती मूठ असलेली एक चपटी पट्टी असे आणि तिला एक टाचणी बसवलेली असे. मात्र ही टाचणी नेमकी मध्यभागी नसे. त्यामुळे नेम कितीही धरला, तरी ती चित्रावर कोठे टोचेल याची खात्री देता येत नसे. खऱ्या समुद्रावर, डोलणाऱ्या जहाजावरून, खऱ्या तोफेचा नेम तरी कोठे खात्रीचा असतो?

टाचणी जेथे टोचली तेथे गोळा लागला असे मानीत. मग प्रश्न येई, की त्या गोळ्याने काय झाले? त्या जागी पोलादाचे चिलखत किती जाड होते? गोळा कोणत्या तोफेचा होता? या प्रश्नांची उत्तरे अचूक मिळाली नाहीत, तर खेळाला अर्थ उरत नसे. आपल्या जहाजाचे चिलखत जो अभिमानाने उगीच जाड लावील आणि शत्रूच्या तोफा लहान मानील, त्याला मेजावर विजय मिळेल, पण ज्ञान मिळणार नाही. खेळाला खरी माहिती हवी होती. ती स्वदेशाची हवी तशी परदेशाचीही हवी होती आणि एकाच मापाने मोजलेली हवी होती.

ही गरज जेनने स्वतः भागवली. त्याच वर्षी, म्हणजे १८९८ साली, त्याने जगातील सर्व युद्धनौकांची माहिती देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे त्याने स्वतःच्या हाताने काढली होती. धुरांडी किती, डोलकाठ्या किती, आणि दुरून पाहता जहाजाची आकृती कशी दिसते, हे त्याने बारकाईने टिपले. क्षितिजावर दिसणारे जहाज मित्राचे की शत्रूचे, हे ओळखण्याची ती गुरुकिल्लीच होती. वर्षामागून वर्ष नवी माहिती घालून या ग्रंथाच्या आवृत्त्या निघू लागल्या आणि 'जेन्स फायटिंग शिप्स' हे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

१९०३ च्या आवृत्तीत जेनने व्हित्तोरिओ कुनिबेर्ती या इटालियन अभियंत्याचा एक लेख छापला. त्यात एका कल्पित जहाजाचे वर्णन होते. त्यावर लहानमोठ्या अनेक तोफांची खिचडी न करता १२ इंची तोंडाच्या एकाच जातीच्या १२ प्रचंड तोफा असाव्यात, असे त्याने सुचवले होते. पुष्कळांना ही कल्पना धाडसाची वाटली. परंतु तीनच वर्षांनी, १९०६ साली, १२ इंची १० तोफांची 'ड्रेडनॉट' ही ब्रिटिश युद्धनौका पाण्यात उतरली आणि तिच्यापुढे पूर्वीची सारी मोठी जहाजे एकाएकी जुनी ठरली. मग राष्ट्राराष्ट्रांत अशा नौका बांधण्याची चुरस लागली. जेनची दृष्टी आता आकाशाकडेही वळली आणि १९०९ साली त्याने जगातील विमानांचा असाच ग्रंथ काढला.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. मेजावर टाचणीने टोचले जाणारे जहाज खेळ संपला की पुन्हा पेटीत जाई आणि दुसऱ्या दिवशी नव्याने लढे. आता खरी जहाजे बुडू लागली, आणि ती पुन्हा वर येणार नव्हती. ८ मार्च १९१६ रोजी पोर्टस्मथ शहराच्या साउथसी भागात, आपल्या राहत्या घरी, जेनने जगाचा निरोप घेतला. त्या वेळी तो अवघा पन्नास वर्षांचा होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ३१ मे रोजी, डेन्मार्कजवळच्या जटलंडच्या समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची गाठ पडली. त्या एका लढाईत २५ जहाजे बुडाली आणि आठ हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या जहाजांची मापे त्याच्या ग्रंथात अचूक नोंदलेली होती, परंतु त्यांवरील माणसांच्या प्राणांचे मोल कोणत्याही ग्रंथात मावणारे नव्हते.

जेनच्या मृत्यूला शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्याचा खेळ आता थोड्या हौशी मंडळींपुरता उरला आहे. ग्रंथाच्या आवृत्त्या मात्र निघत राहिल्या आणि आपल्या भारतीय नौदलाच्या जहाजांनाही त्यात स्थान मिळाले. खेळातसुद्धा सत्याला फाटा द्यायचा नाही आणि शत्रूला मापताना माप बदलायचे नाही, हा नियम जेनने पाळला. म्हणूनच एका मुलाच्या छंदातून साऱ्या जगाने विश्वास ठेवावा असा ग्रंथ उभा राहिला.