बोगनवेलीमागची बाई

कंपाउंडच्या भिंतीवर, एसटी स्टँडच्या कुंपणाला, शाळेच्या आवारात, कुठंही पाहा, बोगनवेल असतेच. पाणी नसलं तरी ऐन उन्हाळ्यात रंग उधळणारी ही वेल आपलीच वाटते. पण ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. बुगेनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीवरून तिचं नाव पडलं, हेही एखादीला ठाऊक असेल. मात्र ज्या मोहिमेत ही वेल गोळा झाली, त्या मोहिमेत पुरुषाच्या वेशात एक बाई होती. तिचं नाव झान बारे. मैत्रिणींनो, आज तिची गोष्ट सांगायची आहे.

झानचा जन्म १७४० चा, फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या एका खेड्यातला. घर मजुरी करणाऱ्याचं. पुढे ती फिलिबेर कोमेर्सों नावाच्या डॉक्टरकडे घरकामाला राहिली. त्याला वनस्पतींचं वेड होतं. १७६२ मध्ये त्याची बायको बाळंतपणानंतर वारली आणि सगळं घर झानच्या हाती आलं. घराबरोबर तिनं झाडंही ओळखायला घेतली. पानं-फुलं गोळा करायची, कागदात दाबून वाळवायची, नीट लावून ठेवायची. १७६४ मध्ये तिला दिवस गेले. लग्न नव्हतं. तेव्हाच्या कायद्यानुसार तिला सरकारदरबारी गरोदरपणाची नोंद करावी लागली, पण बापाचं नाव तिनं सांगितलं नाही. दोघं पॅरिसला गेले. तिथं मुलगा झाला, तो अनाथाश्रमात दिला गेला आणि काही महिन्यांतच गेला. त्या आईचं मन कुठल्याही कागदावर नाही. मला ही गोष्ट वाचताना सगळ्यांत जास्त टोचलं ते हेच.

पुढे बुगेनव्हिलच्या जगप्रदक्षिणेसाठी कोमेर्सोंची निवड झाली. त्याची तब्येत यथातथाच, पायाला जखमा. मदतीला कुणीतरी हवंच. पण फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला बंदी. मग झाननं छातीला पट्ट्या बांधल्या, पुरुषाचे कपडे चढवले आणि नोकर म्हणून ती १७६७ च्या सुरुवातीला ‘एत्वाल’ या जहाजावरून निघाली. सामान फार म्हणून कप्तानानं आपली खोली कोमेर्सोंला दिली. त्यामुळे तिला निदान आडोसा मिळाला. नाहीतर इतक्या पुरुषांत ते गुपित किती दिवस टिकलं असतं?

ब्राझीलमध्ये बोगनवेल सापडली तेव्हा कोमेर्सोंला चालणं अवघड होतं. म्हणून ती झाननंच खुडून आणली असावी, असं काही अभ्यासक मानतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, बर्फाच्या डोंगरातही बंदुका, खाणं आणि वनस्पतींचे जड गठ्ठे तीच वाहायची. १७६८ च्या एप्रिलमध्ये ताहिती बेटावर ती बाई असल्याचं उघड झालं, असं बुगेनव्हिलनं लिहून ठेवलंय. जहाजावरच्या इतरांच्या हकिकती मात्र वेगळ्या आहेत. त्या सगळ्या पुरुषांनी लिहिलेल्या. तिची बाजू कुणी लिहून घेतली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जहाजं मॉरिशसला लागली. ते बेट तेव्हा फ्रेंचांकडे होतं. कोमेर्सों आणि झान तिथंच उतरले, प्वाव्र नावाच्या कारभाऱ्याच्या आश्रयाला.

आता या बेटाचं थोडं सांगायला हवं. माणसाचा पाय लागण्यापूर्वी तिथं घनदाट जंगल होतं, काळ्या लाकडाचे आबनूस वृक्ष होते आणि उडता न येणारा डोडो होता. सतराव्या शतकात डच आले. त्यांनी आबनूस तोडला, जावा बेटावरून हरणं आणली, ऊस आणला. जहाजांतून उंदीर उतरले. डुकरं आणि माकडंही आली. जमिनीवर अंडी घालणाऱ्या डोडोचा कुठून निभाव लागणार? शतक संपेपर्यंत तो नाहीसा झाला. फ्रेंचांच्या काळात टोळांचा बंदोबस्त करायला भारतातून साळुंक्या नेल्या, त्या १७६२ मध्ये. प्वाव्रनं १७७० मध्ये इंडोनेशियाच्या बाजूची जायफळ आणि लवंगेची रोपं मिळवून पाम्प्लेमूसच्या बागेत लावली. पण जंगल राखायचे नियमही त्यानंच काढले.

एकीकडे परकी रोपं रुजत होती, दुसरीकडे मूळची झाडं हटत होती. नेमक्या त्याच वेळी झान आणि कोमेर्सों तिथल्या मूळच्या वनस्पती गोळा करत होते. आज मॉरिशसचं चांगलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. बाहेरून आणलेल्या एका जातीच्या पेरूनं उरलेलं रानही दाबून टाकलंय. अशा वेळी अडीचशे वर्षांपूर्वी वाळवून ठेवलेल्या पानाची किंमत काय असेल, तुम्हीच विचार करा.

प्वाव्र १७७२ मध्ये मायदेशी परतला आणि १७७३ च्या मार्चमध्ये कोमेर्सों वारला. सहा हजारांहून जास्त नमुन्यांचा त्याचा संग्रह पॅरिसला गेला. झान मागेच राहिली, परक्या बेटावर, कुणाच्याही आधाराशिवाय. पण ती रडत बसली नाही. पोर्ट लुईस बंदरात तिनं खानावळवजा दारूचा गुत्ता चालवला. प्रार्थनेच्या वेळी दारू विकली म्हणून दंडही भरला. १७७४ मध्ये तिनं एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षाच्या सुमारास ती त्याच्याबरोबर फ्रान्सला पोचली. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी ती पहिली ज्ञात स्त्री. स्वागताला कुणी नव्हतं. कोमेर्सोंनं मृत्युपत्रात तिच्या नावे ठेवलेले पैसे तिनं मिळवले. १७८५ मध्ये सरकारनं तिला वर्षाला दोनशे लिव्र पेन्शन दिलं, तिच्या धैर्याची तारीफ करून. १८०७ मध्ये, ६७ व्या वर्षी ती गेली.

कोमेर्सोंच्या नावावरून सत्तरहून जास्त वनस्पतींची नावं आहेत. एका झुडपाला त्यानं झानचं नाव द्यायचं ठरवलं होतं, पण ते टिकलं नाही. ती झुडपं आज वेगळ्या नावानं ओळखली जातात, आपल्या कडुनिंबाच्याच कुळातली.

मला वाटतं, हे आपल्याला नवं नाही. शेतात निंदणी-खुरपणी, बियाणं राखणं, दुकानाचा हिशेब, सगळं बाई करते आणि सातबाऱ्यावर, पाटीवर नाव दुसऱ्याचंच असतं. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत १८३४ नंतर आपल्या कोकणातूनही गिरमिटिया मजूर गेले. त्यांत बायकाही होत्या. त्यांची वंशज मंडळी आजही तिथं गणपती बसवतात, पण पहिल्या बोटीनं गेलेल्या त्या आयाबायांची नावं किती जणांना सांगता येतील?

झानच्या बाबतीत मात्र उशिरा का होईना, न्याय झाला. २०१२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका नव्या वनस्पतीला शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं, सोलॅनम बारेती. ही आपल्या वांग्या-बटाट्याची चुलतबहीण. नाव लागायला दोनशे वर्षं लागली. आपल्या घरातल्या, गावातल्या बायकांच्या कामाला नाव द्यायला इतका वेळ लावायला नको. आजी जिवंत आहे तोवर तिनं काय काय केलं, ते वहीत लिहून ठेवूया. वर तिचं पूर्ण नाव घालून.