अंगणात आलेली शाळा

आमच्या हिंगोली जिल्ह्यात गावोगाव अंगणवाड्या आहेत. ताराबाई मोडकांचे नाव मात्र तिथे लेकरू सोडणाऱ्या आयांना क्वचितच ठाऊक असते. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी संसार मोडल्याचे दुःख सोसले. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालमंदिरात छडी आणि धाक दोन्हींना मज्जाव केला. भ्यालेले मूल शिकत नाही, हे पालकांना पटावे म्हणून मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुराख्यांसाठी थेट कुरणात. आम्ही बँकवाले लोकांच्या दारी जायचो, पण वसुलीला! न येणाऱ्या मुलावर ताराबाई रागावल्या नाहीत, हे मला सर्वांत मोठे वाटते. पहिलीतल्या पोराला गुणांवरून बोलणाऱ्या घरांत हे अजून पोचायचे आहे.