मातीचा दम जोखणारे कार्ल टेरझागी

नव्या घराच्या भिंतीला भेग गेली की दोष आधी गवंड्याला लागतो, मग सिमेंटला. खालच्या मातीकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या इंजिनिअरांचंही असंच होतं. त्यांची ही सवय मोडली कार्ल टेरझागी यांनी.

टेरझागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ चा, प्रागमधला. शिक्षण ग्राझला, तेही यंत्रांच्या इंजिनिअरिंगचं. पण नोकरी धरली बांधकामावर. क्रोएशिया, रशिया असं फिरताना त्यांच्या लक्षात आलं, की लोखंडाचं गणित पक्कं आहे, मातीचं मात्र सगळं अंदाजपंचे. १९१२ मध्ये ते अमेरिकेत गेले. धरणांच्या कामांवर हिंडले, वह्या भरल्या. नियम काही हाती लागला नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली ते इस्तंबूलला शिकवायला गेले. युद्ध हरल्यावर ती नोकरी गेली. मग तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात लागले. प्रयोगाला पैसा नाही. सिगारच्या पेट्या आणि स्वयंपाकघरातलं सामान जमवून त्यांनी साधनं तयार केली. चिकणमातीची चकती कड्यात बसवायची, वर-खाली पाणी झिरपणारे दगड लावायचे, वरून वजन ठेवायचं आणि माती किती दबते ते बघत बसायचं.

यातूनच मोठी गोष्ट निघाली. ओल्या चिकणमातीवर भार आला की तो आधी पाणी उचलतं. पाणी हळूहळू निघून जातं, तसा भार मातीच्या कणांवर येतो. म्हणून अशा मातीवरची इमारत वर्षानुवर्षं बसत राहते. वाळूवरची मात्र बरीचशी बांधता बांधताच बसून घेते. १९२५ मध्ये हे सगळं पुस्तकात आलं आणि अमेरिकेतल्या एमआयटीनं त्यांना बोलावलं.

१९२९ ला ते व्हिएन्नात प्राध्यापक झाले. तिथं फिलुंगर नावाच्या प्राध्यापकांनी त्यांचं शास्त्रच खोटं ठरवायचा प्रयत्न केला. चौकशी समितीनं कौल टेरझागींच्या बाजूनं दिला. १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीनं आत्महत्या केली. वाद जिंकला, पण असा. पुढच्याच वर्षी टेरझागी अमेरिकेत गेले आणि हार्वर्डमध्ये शिकवू लागले.

तोवर पायाचं गणित करणारे मातीला स्प्रिंग समजू लागले होते. या मातीचा ताठरपणा किती, एक आकडा सांगा, अशी सगळ्यांची मागणी. १९५५ च्या लेखात टेरझागींनी आकडे दिले, पण लगाम घालूनच. एक फुटी लोखंडी प्लेट मातीवर दाबून जो ताठरपणा येतो, तो रुंद पायाला जसाच्या तसा लावायचा नाही. प्लेटचा दाब थोड्याच खोलीपर्यंत जातो, रुंद पायाचा खूप खाली पोचतो. घट्ट चिकणमातीत दहा फुटी पायाला तो आकडा एक दशांशच धरायचा. म्हणजे तेवढ्याच दाबाला पाया दसपट खचणार! वाळूत फरक कमी, पाया कितीही रुंद असला तरी आकडा पाव हिश्श्याच्या खाली जात नाही. आणि हे आकडे पायाच्या काँक्रीटवर किती ताण येतो ते काढायला वापरा, इमारत किती खचेल ते ठरवायला नको, असंही त्यांनी बजावलं.

२५ ऑक्टोबर १९६३ ला मॅसॅच्युसेट्समधल्या विंचेस्टरला त्यांचं निधन झालं. कॅनडातलं मिशन धरण त्यांच्या देखरेखीत दबणाऱ्या, बेभरवशाच्या मातीवर उभं राहिलं होतं. १९६५ मध्ये त्या धरणाला टेरझागींचं नाव देण्यात आलं.