चिंतामणराव देशमुख : एका पराभवाचा हिशेब

२ ऑक्टोबर हा महात्मा गांधी आणि लालबहादूर शास्त्री यांच्या जयंतीचा दिवस. शाळा-महाविद्यालयांतून प्रतिमापूजन होते, भाषणे होतात, कचेऱ्यांना सुटी असते. याच तारखेला, १९८२ साली, हैदराबाद येथे चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे निधन झाले, ही गोष्ट त्या गडबडीत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर एवढी त्यांची ओळख स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत उरली आहे. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस, ही दुसरी ओळख जुन्या पिढीच्या आठवणीत आहे. परंतु १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले होते आणि तिसऱ्या क्रमांकावर राहून पराभूत झाले होते, हे दोन्हींकडून गळून गेले आहे. वस्तुतः हा पराभव विसरण्याजोगा नाही. पक्षाबाहेरच्या गुणवान माणसाला आपल्या लोकशाहीत कोठवर जाता येते, या प्रश्नाचे उत्तर त्या पराभवाच्या आकड्यांत आहे.

रायगडाच्या परिसरातील महाडजवळचे नाते हे त्यांचे जन्मगाव. जन्मतारीख १४ जानेवारी १८९६. वडील रोह्यास वकिली करीत. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामण मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्रात त्याने विशेष प्रावीण्य मिळविले आणि १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठी घरात यशाची याहून मोठी कल्पना करता येत नव्हती. मध्य प्रांत व वऱ्हाडातील नोकरीत महसूल आणि वित्त या खात्यांचा अनुभव गाठीस बांधून १९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे गव्हर्नर झाले.

ही सूत्रे त्यांच्या हाती आली तो काळ भीषण होता. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. ब्रिटन भारतातून युद्धसामग्री आणि धान्य उचलीत होते. त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने भारताच्या खाती जमा होत होती आणि त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात होत्या. माल देशाबाहेर किंवा सैन्याकडे जायचा आणि नोटा बाजारात उरायच्या. मग भाव चढले नसते तरच नवल. युद्ध संपेतोवर ही जमा सव्वाशे कोटी पौंडांच्या वर गेली. ज्याच्यावर राज्य करायचे त्याचेच कर्जदार होण्याची पाळी साम्राज्यावर आली होती. १९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची आखणी झाली, तेव्हा भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते आणि या पौंड-शिलकेचा प्रश्न भारताने तेथे आग्रहाने मांडला. परिषदेने तो आपल्या कक्षेबाहेर ठेवला. परंतु पारतंत्र्यातील देशाचे प्रतिनिधीही आपल्या लोकांचा हिशेब मागू शकतात, हे जगाला दिसले. फाळणीनंतर काही महिने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही राज्यांची मध्यवर्ती बँक म्हणून एकाच संस्थेला काम करावे लागले. ते अवघड काम, आणि १ जानेवारी १९४९ रोजी बँक सरकारी मालकीची होतानाचे स्थित्यंतर, देशमुखांच्याच कारकिर्दीत पार पडले.

१९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला तेव्हा ते त्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर नेहरूंनी अर्थखाते त्यांच्याकडे सोपविले. १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले. पहिली पंचवार्षिक योजना आणि १९५६ चा कंपनी कायदा ही त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातील ठळक कामे होत. पण सामान्य माणसाच्या जीवनाला सर्वांत जवळून भिडली ती दुसरी दोन. रिझर्व्ह बँकेने केलेल्या ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते. शेतकरी जे कर्ज काढतो त्यात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा अवघा ३.१ आहे आणि बहुतांश कर्ज सावकाराचे आहे, हे सत्य त्या अहवालाने आकड्यांनिशी पुढे ठेवले. त्याच्या शिफारशीनुसार इंपीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत झाले आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यानेच तिच्यावर घातले गेले. जेथे नफा दिसत नाही तेथेही बँकेने गेले पाहिजे, हा विचार या देशात कायद्याच्या भाषेत तेव्हा उतरला.

दुसरे काम आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचे. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि २४५ विमा कंपन्या व संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला. योजना इतकी गुप्त राखली होती की कंपन्यांना मालमत्ता हलविण्यास वेळच मिळाला नाही. प्रशासक म्हणून देशमुखांचे कौशल्य त्या दिवशी कळसास पोहोचले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्याच आठवड्यात त्यांचे मन दुसऱ्या प्रश्नाने पोखरले जात होते. तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, मुंबई शहर केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून जाहीर केला होता. मुंबई पेटली, गोळीबार झाला, रस्त्यावर माणसे पडली. देशमुखांनी राजीनामा देऊ केला. अंदाजपत्रक तोंडावर असल्याने नेहरूंच्या आग्रहाखातर त्यांनी तो काही महिने लांबणीवर टाकला. जूनमध्ये मुंबईसंबंधी पुन्हा घोषणा झाल्यावर मात्र ते थांबले नाहीत. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला, ही एक. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करण्यास सरकार तयार नाही, ही दुसरी. त्यांचे भांडण प्रादेशिक अभिमानापुरते नव्हते. निर्णय कोणत्या मार्गाने घेतला जातो आणि सत्तेने घेतलेल्या प्राणांचा जाब कोणी द्यायचा, हे त्या भांडणाचे मूळ होते. महाराष्ट्राने त्यांचा गौरव केला तो मुंबईसाठी. राज्यकारभाराच्या रीतीविषयी त्यांनी जे सांगितले ते मात्र आपण त्या जयघोषात फारसे ऐकले नाही.

मंत्रिपद गेल्यावर देशमुख राजकारणाच्या बाजारात उभे राहिले नाहीत. १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास, उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी एक निःपक्षपाती, कायमचे न्यायमंडळ असावे, अशी जाहीर मागणी त्यांनी केली. नेहरूंना ती मान्य झाली नाही. लोकपालाच्या कल्पनेवर पुढे कित्येक वर्षे जो काथ्याकूट झाला, त्याच्या प्रारंभीच्या पावलांत हे एक पाऊल होते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि देशमुखांच्या आयुष्यात पुन्हा राजकारण आले. काँग्रेस पक्ष तेव्हा आतून दुभंगत होता. पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. पंतप्रधान इंदिरा गांधींचा कल मात्र अपक्ष उभे राहिलेल्या व्ही. व्ही. गिरींकडे. मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले गेले आणि १९ जुलै रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असा संदेश काँग्रेसच्या सभासदांत फिरला. या दोन दगडांच्या कचाट्यात तिसरा उमेदवार म्हणून स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी ७३ वर्षांच्या देशमुखांना उभे केले.

या उमेदवारीत एक विलक्षण विसंगती होती. ज्या महिन्यात सबंध देश बँकांच्या राष्ट्रीयीकरणावर तावातावाने बोलत होता, त्या महिन्यात राष्ट्रीयीकरणाला तत्त्वतः विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्षाचा उमेदवार होता तो स्टेट बँक आणि आयुर्विमा यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कर्ता. पक्षांना त्यांचे अर्थकारण नको होते. त्यांचे निष्कलंक नाव हवे होते. आणि देशमुखांनीही ते दिले. येथे त्यांचे चुकले, असेच म्हणावे लागते. निर्णयाच्या रीतीसाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाने आपले नाव कोणत्या कामी वापरले जाणार आहे, याची चौकशी अधिक काटेकोरपणे करावयास हवी होती. राष्ट्रपतिपद पक्षातीत आहे, म्हणून त्याच्या निवडणुकीतही पक्ष गौण ठरतील, अशी त्यांची समजूत असावी. राज्यघटना वाचणाऱ्याची ती समजूत होती. निवडणूक लढविणाऱ्याला ती परवडणारी नव्हती.

१६ ऑगस्टला मतदान झाले. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७. विजयासाठी हवे ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. उरलेल्या सर्व उमेदवारांची मिळून मते साडेआठ हजार. कोणीच मर्यादा ओलांडली नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीवर निकाल लागण्याचा हा एकमेव प्रसंग होय. खालचे उमेदवार बाद होत गेले, देशमुखही बाद झाले, आणि त्यांच्या मतपत्रिका पुन्हा उलगडल्या गेल्या. अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. दुसऱ्या पसंतीची सुमारे ९२ हजार मते रेड्डींना मिळाली, तर गिरींना साडेअठरा हजार. किरकोळ उमेदवारांची सगळी साडेआठ हजार मते गिरींकडे गेली असे धरले, तरी निदान दहा हजार मते देशमुखांच्या मतपत्रिकांतून गिरींकडे गेली, हे साध्या वजाबाकीने सिद्ध होते. ती दहा हजार रेड्डींकडे वळली असती, तर निकाल पालटला असता. राष्ट्रपती कोण व्हावा हे ठरविले ते हरलेल्या उमेदवाराच्या मतपत्रिकांनी; मात्र त्या ठरविण्यात त्या उमेदवाराचा काडीचाही हात नव्हता. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली आणि १९७७ मध्ये रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. देशमुखांना तशी दुसरी संधी मिळाली नाही.

हा प्रकार एकट्या देशमुखांच्या वाट्याला आला असे नाही. १९६७ मध्ये माजी सरन्यायाधीश सुब्बा राव, १९८२ मध्ये न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, १९८७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर : विरोधकांनी उभे केलेले हे मान्यवर एकामागून एक पराभूत झाले. उलट राधाकृष्णन विद्वान होते आणि निवडूनही आले, कारण सत्तारूढ पक्ष त्यांच्या पाठीशी होता. विद्वत्ता आणि चारित्र्य यांना पक्षांच्या लेखी मोल आहे, पण ते मतांच्या बेरजेत बसले तरच. बेरीज जमत नसली की अशा माणसाचे नाव शोभेसाठी वापरले जाते. सर्वोच्च पदासाठी माणूस निवडताना आपण गुण मोजतो की डोकी, हा प्रश्न १९६९ ने विचारला आणि त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत तो शिल्लक राहिला आहे.

पराभवानंतर देशमुख आपल्या कामाकडे परतले. १९५३ मध्ये त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या दुर्गाबाई स्वतः घटना समितीच्या सदस्य आणि स्त्रीशिक्षणाच्या थोर कार्यकर्त्या होत्या. १९७५ मध्ये पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. चिंतामणरावांनी १९७४ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा आणि संस्कृतात कविता लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ बागेतील झाडांत रमत असे. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्र त्याने कधी सोडले नव्हते. १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी ते.

आज पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोरसारख्या गावातील एखादा शिक्षक महिनाअखेर आपले वेतनपत्रक पाहतो, तेव्हा त्यात आयुर्विम्याच्या हप्त्याची कपात असते. तो हप्ता बुडणार नाही आणि आपल्यामागे मुलाबाळांना रक्कम मिळेल, याविषयी त्याच्या मनात शंकाही येत नाही. १९५६ पूर्वी, कंपन्या बुडत होत्या तेव्हा, ही निश्चिंती पगारदार माणसाला नव्हती. तो शिक्षक देशमुखांचे नाव घेत नाही, आणि त्याने ते घ्यावे असा त्यांचा आग्रहही नसता. एक लाख बारा हजार सातशे एकोणसत्तर हा आकडा इतिहासात पराभवाचा म्हणून नोंदला गेला आहे. वेतनपत्रकावरचा तो हप्ता कोणत्याच मतमोजणीत धरला गेला नाही. देशमुखांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडताना मात्र तो जमेच्या बाजूला प्रथम लिहावा लागेल.